चौथा ड्रम

पहाटे ३.२०

बोसन बॅटरी दोनदा मारतो. काळ्या समुद्रातून तसाच उजेड दोनदा येतो. "कुया आला," तो म्हणतो. कुया म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा.

बोसन आणि मी एका तेलवाहू जहाजावर चार वर्षं एकत्र होतो. तो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मी सेकंड इंजिनीअर. रत्नागिरीची आणि फिलिपिन्सची पोरं एका मेसमध्ये बसून भात खातात, हे जहाजावर रोजचंच. तो अजून मला 'सेकंड' म्हणतो. सध्या तो सुट्टीवर आहे आणि मी त्याच्या घरी पाहुणा. घर लुझोन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सांबालेस प्रांतात. गावाचं आणि माझं नाव लिहू नकोस, असं त्याच्या दादाने सांगितलं. म्हणून लिहीत नाही.

इथून पश्चिमेला साधारण २२० किलोमीटरवर स्कारबरो शोल आहे. दादा तिथे मासे मारत मोठा झाला.

३.४५

होडी वाळूला लागते. लांब, चिंचोळी, दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या. मालवणकडे उलांडी एकाच बाजूला असते, इथे दोन्हीकडे. अंग प्लायवूडचं. मशीन जुन्या जपानी ट्रकमधून काढलेलं. आठ माणसं उतरतात. पाच दिवस समुद्रावर काढलेत, कोणी बोलत नाही.

आधी रिकामे ड्रम उतरतात, मग मासे. ड्रम निळे, २०० लिटरचे. मी मोजतो. तीन. दादा प्रत्येक ड्रम आडवा करून हलवून बघतो. तळाशी काही वाजत नाही. मग भुशाने आणि बर्फाने भरलेल्या पेट्या. पिवळ्या परांचा कुपा, हातभर लांबीचा. आणि तुलिंगान, आपल्या गेदरीच्या जातीतला. पाटी दोघांनी उचलायची, गुडघाभर पाण्यातून वर आणायची. बाराव्या पाटीनंतर एका पोराचा हात थरथरताना दिसतो. तो तसाच पुन्हा पाण्यात जातो.

पहाटे ५.००

लिलाव. मी हर्णैचा लिलाव पाहत वाढलो. तिथे वाळूवर नुसता कल्ला असतो. इथे शांतता. याला बुलुंगान म्हणतात. बुलोंग म्हणजे कुजबुज. गिऱ्हाईक दलालाच्या कानाशी तोंड नेतं, भाव सांगतं, मागे सरकतं. मग दुसरं. कोणी किती बोललं ते फक्त दलालाला ठाऊक. तो मान हलवतो आणि माल एकाचा होतो.

कुपा २६० किलो, १९० पेसोंनी. तुलिंगान २१० किलो, १०० पेसोंनी. दादा लांब उभा राहून सिगारेट ओढतो. भाव ऐकूनही चेहऱ्यावर काही उमटत नाही.

६.३०

हिशेब. दादाच्या बायकोला बोसन 'आते' म्हणतो. इथे आते म्हणजे ताई, मोठ्या भावजयीलाही तेच. वही तिच्याकडे असते. शाळेची वही, निळं कव्हर, मध्ये दोरीने बांधलेलं पेन.

विक्री ७०,४०० पेसो. दलाली वजा ३,५२०. डिझेल तीन ड्रम, ५८ पेसो लिटर, म्हणजे ३४,८००. बर्फाच्या ४० लाद्या, ५,२००. तांदळाचं पोतं २,३००. पाणी, कॉफीच्या पुड्या, डबाबंद मासे, गळ, सिगारेटी मिळून ४,५००. राहिले २०,०८०. त्यातला अर्धा मालकिणीचा. होडी आणि मशीन तिचं, डिझेलही तीच उधार देते. उरलेले १०,०४०. माणसं आठ, वाटे नऊ. तांडेलाचे, म्हणजे दादाचे, दोन.

एका खलाशाला १,११५ पेसो. पेसोला साधारण दीड रुपया धरा. पाच दिवसांचे सतराशे रुपयेही होत नाहीत. या भागात सरकारी किमान रोज ५०० पेसोंच्या वर आहे.

मी वहीकडे पुन्हा बघतो. एक ड्रम डिझेल ११,६०० ला. सगळ्या खलाशांचा मिळून वाटा त्याहून कमी.

सकाळी ८.१०

बाकीचे झोपायला गेलेत. दादा एक तास झोपून उठलाय आणि उलांडीच्या बांधण्या तपासतोय. होडीत खिळा कमी, बांधणी जास्त. आडव्या दांड्याला बांबू बांधायचा तो जाड तंगुसाने. तो जुनी बांधणी सुरीने कापतो. पायाचा अंगठा बांबूला टेकवतो. तंगुसाला लाकडाच्या तुकड्यावर दोन वेढे देतो आणि सगळं अंग मागे टाकून ओढतो. तंगूस बांबूत रुततो, करकर वाजतो. वीस वेढे. मग गाठ. मग पुढची. अशा बांधण्या दोन्ही बाजूंना मिळून चाळीसच्या वर आहेत. त्याच्या तर्जनीवर आडवी, पांढरी, खोल रेघ आहे. तीस वर्षांच्या तंगुसाची.

"खिळे का नाहीत?" मी विचारतो.

"खिळा तुटतो. बांधणी लवते." बोसन भाषांतर करतो. "पण पाण्याचा फवारा बसला तर बांधणीही सुटते."

फवारा म्हणजे चिनी तटरक्षक जहाजांवरच्या पाण्याच्या तोफा. डिसेंबर २०२५ मध्ये पलावानच्या बाजूला, सबिना शोलजवळ, अशा माऱ्यात तीन मच्छीमार जखमी झाले आणि नांगराचे दोरही कापले गेले, असं इथल्या तटरक्षक दलाने सांगितलं. दादा त्यातल्या कोणाला ओळखत नाही. बांधण्या मात्र तेव्हापासून वीस वेढ्यांच्या करतो. आधी चौदा वेढ्यांच्या असायच्या.

बांधता बांधता तो शोल कसा आहे ते सांगतो. वाळूवर बोटाने त्रिकोण काढतो. पोवळ्यांच्या खडकांची कडा, आत तळं, आग्नेयेला एक तोंड. बाहेर समुद्र इतका खोल की नांगराला तळ लागत नाही. आत मात्र नांगर धरतो. वादळ आलं की आत शिरायचं, मशीन बंद करायचं, भात शिजवायचा, झोपायचं. सकाळी गळाला लापू-लापू लागायचा. लापू-लापू म्हणजे आपला हेकरू. तुलिंगानपेक्षा तिप्पट-चौपट भाव.

एप्रिल २०१२ मध्ये तिथे फिलिपिन्सचं नौदल आणि चिनी जहाजं समोरासमोर आली. त्या वर्षीच्या जूनपासून ताबा चीनकडे आहे. १२ जुलै २०१६ ला हेगच्या लवादाने निकाल दिला: चीनच्या नऊ तुटक रेघांच्या दाव्याला कायद्याचा आधार नाही, आणि शोलवर फिलिपिनो मच्छीमारांचा परंपरेने चालत आलेला हक्क अडवणं बेकायदा आहे. चीनने निकाल मानला नाही. त्यानंतर काही वर्षं काठावर मासे मारू दिले, मग तेही थांबलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तोंडाशी ३०० मीटरचा तरंगता अडसर टाकला गेला. फिलिपिन्सच्या तटरक्षकांनी माणूस पाण्यात उतरवून त्याचा दोर कापला. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने तिथे निसर्ग अभयारण्य जाहीर केलं.

आता दादा बाहेर मासे मारतो. बाहेर नांगर नाही. पायाव असतो, म्हणजे बांबू आणि माडाच्या झावळ्यांचा तराफा, लांबच लांब दोराने तळाशी बांधलेला. त्याच्या सावलीत मासे जमतात. पायाव नसेल तिथे होडी वाहत जाते. वाहत गेली की मशीन लावून परत यायचं. पुन्हा वाहते, पुन्हा मशीन. बंद तळं म्हणजे काय, ते मला इथे कळलं. रात्रभर बंद राहू शकणारं मशीन आता रात्रभर चालतं. तिसरा ड्रम तिथेच जातो.

१०.१५

सावलीत दादाचा पुतण्या फोन दाखवतो. तो नॉटिकलचं शिकतोय, जहाजावर जायचंय. व्हिडिओ ११ ऑगस्ट २०२५ चा, शोलजवळचा. फिलिपिन्सच्या तटरक्षकांचं 'सुलुआन' पुढे पळतंय. मागून चीनचं तटरक्षक जहाज आणि चीनच्याच नौदलाची विनाशिका येतात आणि एकमेकांवर आदळतात. तटरक्षक जहाजाचं नाक चेपून आत जातं. पोरगा तेवढाच भाग तीनदा लावतो. मला त्या नाकावर उभ्या असलेल्या माणसांचं काय झालं असेल, तेच सुचतं. मी जहाजावर होतो. नाळेवर ड्युटी काय असते ते मला ठाऊक आहे.

'सुलुआन' जपानच्या कर्जातून जपानमध्ये बांधलेलं. ९७ मीटरची दोन मोठी जहाजंही तिथूनच आली, २०२२ मध्ये. पोराला सगळं पाठ. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि फिलिपिन्स या चौघांनी मिळून याच समुद्रात गस्त घातली. जुलै २०२४ मध्ये जपानशी करार झाला, एकमेकांचं सैन्य एकमेकांकडे सरावाला येऊ शकेल असा; तो सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. मग तो माझ्याकडे बघून म्हणतो, "आणि तुमचं 'दिल्ली'."

ऑगस्ट २०२५ मध्ये 'आयएनएस दिल्ली', 'शक्ती' आणि 'किलतान' मनिलाला आली होती. दोन दिवस फिलिपिन्सच्या नौदलाबरोबर या समुद्रात फिरली. दोन्ही देशांनी मिळून इथे असं फिरण्याची ती पहिलीच वेळ. 'दिल्ली' माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९९७ ला नौदलात आली. हार्बर लोकलने जाताना डॉकच्या क्रेन दिसायच्या, हे मी त्या पोराला सांगतो. माझगावचा हातोडा इथल्या पाण्यात पोचला, याचा मला अभिमान वाटतो. तो लपवायचं कारण नाही.

दादा तंगूस ओढता ओढता ऐकतोय. "ब्रह्मोस क्षेपणास्त्र पण तुमचंच ना?" तो विचारतो. आमचं आणि रशियाचं मिळून, मी म्हणतो. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सशी ३७.५ कोटी डॉलरचा करार झाला, पहिली खेप एप्रिल २०२४ ला आली. पल्ला २९० किलोमीटर.

"शोलपर्यंत पोचायला किती वेळ?"

मी मनात गणित करतो. आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेग. "चार मिनिटं."

"आम्हाला अठरा तास," दादा म्हणतो आणि पुढची बांधणी घेतो.

दुपारी १२.१०

जेवण. सिनिगांग, चिंचेचं आंबट सार, त्यात तुलिंगानचं डोकं. भात. तळलेले सुके मासे मिरचीच्या व्हिनेगरात बुडवून. आमसुलाचं सार आठवतं. अंगणात आंब्याला मोहोर आलाय; सांबालेसचा आंबा इथला हापूस आहे.

भावांचे वडील सुबिकच्या अमेरिकन तळावर होते. जहाजाचं पोट खरवडायचं काम, रोजंदारीवर. जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, घरावर राखेचा थर बसला. त्याच सप्टेंबरात फिलिपिन्सच्या सिनेटने एका मताच्या फरकाने, १२ विरुद्ध ११, तळाचा करार नाकारला. नोव्हेंबर १९९२ ला शेवटचे अमेरिकन गेले. वडील होडीवर आले, थोरल्याला सोबत घेऊन. आता सुबिकला परदेशी युद्धनौका पुन्हा येतात. २०२३ पासून अमेरिकन सैन्याला वापरायला मोकळे असलेले फिलिपिनो तळ नऊ झालेत.

"बरं आहे की वाईट?" मी विचारतो.

आते उत्तर देते. "एकटं असण्यापेक्षा बरं." मग जराशाने, "पण सराव असला की समुद्र बंद असतो."

एप्रिल २०२३ ची गोष्ट. बालिकातान नावाचा सराव दरवर्षी होतो. शब्दाचा अर्थ खांद्याला खांदा. त्या वर्षी १७,६०० च्या वर सैनिक होते. याच प्रांतातल्या सान अंतोनियोसमोर एक जुनं जहाज मारा करून बुडवून दाखवलं. ते दिवस किनाऱ्यावरच्या होड्यांना पाण्यात जायला मनाई होती. आते वहीची मागची पानं उलटते. त्या आठवड्यात काहीच लिहिलेलं नाही. पान कोरं आहे, वर फक्त तारीख.

मला वाटतं, सराव हवेत. समोर एवढं मोठं बळ उभं असताना कोणी एकट्याने टिकू शकत नाही, आणि शेजाऱ्यांनी हात धरले हे चांगलं झालं. पण त्या कोऱ्या आठवड्याचे पैसे कोणीतरी मोजून द्यायला हवेत. मोजायला अवघड नाही. वही आहे.

१.४०

तटरक्षकांची चौकी म्हणजे एक खोली, एक पंखा, एक वायरलेस. टेबलामागचा मुलगा पंचविशीचा. तो दादाला 'मानोंग' म्हणतो, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. निघण्याआधी इथे नावं लिहायची: होडी, माणसं आठ, किती दिवस, कुठे.

'कुठे' या रकान्यावर दादाचा हात थांबतो.

मुलगा आवाज खाली आणतो. गुरुवारपासून मत्स्यखात्याचं जहाज शोलच्या बाजूला असेल, म्हणतो. तिथे असलेल्या होड्यांना डिझेल, बर्फ, किराणा मिळेल. ही सरकारची योजना आहे, खोल समुद्रात जाऊन वाटप करायची. सप्टेंबर २०२५ मध्ये असंच वाटप चालू असताना चिनी जहाजांनी पाण्याचा मारा केला होता, खात्याच्या बोटीवरच्या काचा फुटल्या, एक माणूस जखमी झाला. ते मुलगा सांगत नाही. सांगायची गरज नाही, दादाला माहीत आहे.

"किती जवळ जाऊ?" दादा विचारतो.

"मानोंग, मी जा म्हणू शकत नाही. जाऊ नका असंही म्हणू शकत नाही."

भिंतीवर कागद चिकटवलाय. जून २०२४ पासून चीनचा नियम आहे: आपल्या मानलेल्या पाण्यात शिरलेल्या परदेशी माणसाला ते ६० दिवसांपर्यंत डांबून ठेवू शकतात. त्याखाली कोणीतरी पेनने मदतीचा फोन नंबर लिहिलाय.

दादा रकाना रिकामा ठेवून उठतो. संध्याकाळी येतो, म्हणतो.

३.००

होडीच्या सावलीत सगळे. वाद हळू आवाजात, पण वादच. तीन ड्रम नेले तर पायावपर्यंत जाऊन येता येतं. शोलच्या कडेपर्यंत जायचं तर चार लागतात. सरकारी जहाज भेटलं तर चौथा भरून मिळेल. नाही भेटलं, किंवा हाकलून लावलं, तर ११,६०० अंगावर.

सगळ्यात जास्त विरोध वेल्डरचा. तो सुबिकच्या कोरियन गोदीत वेल्डर होता. एकेकाळी तिथे तीस हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. २०१९ ला गोदी बुडाली, तो होडीवर आला. आता त्या जागेत पुन्हा काम सुरू झालंय, एक भाग नौदलाकडे आहे, एक भाग दुसऱ्या कोरियन कंपनीकडे. त्याने अर्ज टाकलाय. "मला दोन महिने डांबलं तर बोलावणं येईल आणि जाईल," तो म्हणतो. त्याचं खरं आहे. कोणी खोडून काढत नाही.

पुतण्याच्या वयाचा एक पोर म्हणतो, पायावला तरी काय उरलंय? मागच्या खेपेला एक पायाव जागेवर नव्हता. दोर कोणी कापला, लाटेने तुटला की आणखी काही, कोणी पाहिलं नाही.

दादा शेवटी बोलतो. बोसन मला वाक्य वाक्य करून सांगतो. "लापू-लापूसाठी नाही जायचं. तीन-चार मिळतील, तेवढंच. पण कोणीच गेलं नाही तर ती जागा आपली होती हे सांगणारं कोण राहील? मोठी जहाजं येतात, दोन दिवस राहतात, परत जातात. ती बरी आहेत. पण ती मासे मारत नाहीत."

मग वेल्डरला म्हणतो, "तू राहा. तुझा वाटा पुढच्या खेपेला धरू." वेल्डर उत्तर देत नाही. वाळूत काडी मोडत बसतो.

४.२०

बर्फ येतो, तीनचाकीवर, भुशात गुंडाळलेला. ४० लाद्या. लादी फोडायची लाकडी मोगरीने, तुकडे फार बारीक नकोत, लवकर वितळतात. मीही हात लावतो. दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. पेटीत एक थर बर्फ, एक थर भुसा. वारा शनिवारनंतर वाढणार, म्हणून आजच निघायचं.

मालकिणीचा माणूस डिझेल घेऊन आलाय. तीन ड्रम उतरवतो. चौथा गाडीतच आहे. तो दादाकडे बघतो.

५.४०

वेल्डर गाडीत चढतो आणि चौथा ड्रम आडवा पाडतो. कोणी सांगितलेलं नाही. चौघे मिळून तो वाळूवरून लोटत आणतात. भरलेला ड्रम, दीडशे किलोच्या वर. वाळूत रुतला की खाली फळी टाकायची, पुन्हा लोटायचा. पाण्यात आला की दोन दोरांवर झुलवत वर घ्यायचा. होडी दोन बोटं खाली बसते. दादा स्वतः तो मधल्या दांड्याला तंगुसाने बांधतो. वीस वेढे.

वेल्डर आपली पिशवी वर फेकतो आणि उलांडीवरून आत जातो.

६.०५

चौकीतला मुलगा रजिस्टर घेऊन वाळूवर आलाय. दादा रकाना भरतो. आम्ही गावातले पंधरा-वीसजण छातीएवढ्या पाण्यात उभे राहून होडी ढकलतो. मशीन दोनदा खोकतं, तिसऱ्यांदा धरतं.

आते काठावर बसलीय. रिकामे तीन ड्रम तिच्या मागे उभे. ती वही उघडते. डिझेलच्या ओळीत ३ लिहून ठेवले होते, ते खोडून ४ करते. समोरची रक्कम अजून लिहीत नाही.